तोंडापासून घशाकडे

१

आमच्याकडे गुरुवार हाच रविवार. चाकण पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, आणि आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला लागून जे प्रेस शॉप आहे ते त्या एका दिवशी गप्प बसतं. बाकीचे दिवस पत्र्यावर घाव पडत असतात, वाटीतल्या आमटीवर तरंग उठतात, सासूबाईंच्या देव्हाऱ्यातली घंटी आपोआप किणकिणते. त्यामुळे माझी सगळी मोजमापं गुरुवारची. लोक त्या दिवशी उपवास करतात, मी स्पीकर मोजते.

मी वर्षाली. माहेर रहाटणीचं, वडील लातूरहून कंपनीत कामाला आले आणि इथलेच झाले. इंजिनिअर झाल्यावर काही वर्षं मी एका कंपनीत गाड्यांच्या दारांचे आवाज तपासत होते. दार लावलं की ते महाग वाजलं पाहिजे, असा साहेबांचा आग्रह असायचा. त्या महागड्या दारांचा कंटाळा आला आणि त्याच सुमारास धनेश भेटला. तो कुरुळीकडचा, डीजेवाल्यांना प्लायवूडची खोकी बनवून देणारा. कंपन्यांना जमिनी गेल्यावर घरच्यांकडे जो तुकडा उरला त्यावर पुढे घर, मागे शेड. त्याच्या खोक्यांमध्ये मी गणित घातलं आणि संसार अन् धंदा एकदमच सुरू झाला. सासूबाईंसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणते. शेडमध्ये तो धन्या.

यंदा दापोडीच्या अर्जुनरावांची ऑर्डर आली. मोठमोठ्या मैदानांवर साउंड लावणारा माणूस. त्यांना एक लांब, सरळ भोंगा हवा होता; मैदानाच्या या टोकाला बोललं की त्या टोकाला शब्दन् शब्द कळला पाहिजे असा. धनेशने प्लायवूड वाकवून, चिकटवून तो बनवला. एका टोकाला ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, बसवायला मनगटाएवढं भोक, आणि तिथून पसरत पसरत दुसऱ्या टोकाला माणूस ओणवा आत शिरेल एवढं तोंड. भोक म्हणजे भोंग्याचा घसा. घसा आणि तोंड हे शब्द आमच्या धंद्यातलेच आहेत, मी घातलेले नाहीत.

२

ड्रायव्हरमध्ये एक पातळ पडदा असतो, तो हलला की आवाज होतो. पण मोकळ्या हवेत पडद्याला रेटायला समोर काही नसतं. हवा बाजूला सरकते, पडदा नुसताच फडफडतो, आणि फार जोर दिला तर फाटतो. पुढे भोंगा लावला की घशातल्या हवेला पळायला जागा उरत नाही, ती पडद्याला जड लागते. याला आम्ही लोड म्हणतो.

“सगळी पिंपरी-चिंचवड एकमेकाला सांगतीय, लोड नको घेऊ भावा,” धनेश म्हणायचा, “आन् आमची बाई एकटी म्हणती, घे, अजून घे.”

हा लोड किती पडेल ते मी आधी कॉम्प्युटरवर काढते. भोंग्याचे कांद्याच्या चकत्यांसारखे पातळ काप पाडायचे आणि तोंडापासून सुरुवात करून एकेक काप मागे, घशाकडे यायचं. गणित त्याच दिशेने चालतं. मग खरा भोंगा मोजायचा. त्याला माइकसुद्धा लागत नाही. ड्रायव्हरला खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत एक लांबलचक शिट्टी वाजवायला लावायची, त्याला आम्ही स्वीप म्हणतो, आणि त्याच्या दोन तारांमधला करंट बघत बसायचं. पडद्याला हवा कुठे जड लागली, कुठे हलकी, ते तिथेच उमटतं. भोंग्याकडे पाठ करून बसले तरी तो किती लांब आहे हे मी सांगू शकते. त्याच्या तोंडासमोर कुणी उभं असेल तर तेही सांगते, कारण माणसाच्या अंगावरून आवाज परत फिरतो आणि आलेखावर एक जादा सुरकुती पडते.

पहिल्या गुरुवारी कॉम्प्युटरवरचं मॉडेल आणि खरं माप इतकं जुळलं की मलाच संशय आला. खात्री करून घ्यावी म्हणून धनेशला तोंडासमोर उभं केलं, जरासं आत वाकून. आमची पद्धत ठरलेली होती. मी ‘धर’ म्हटलं की त्याने श्वास धरायचा आणि पुतळा व्हायचं, ‘सोड’ म्हटलं की सुटला. मी ‘धर’ म्हटलं. स्वीप सुरू झाला, धनेशची सुरकुती झकास उमटली, आणि स्वीप संपता संपता लाइट गेली. मी चरफडत इन्व्हर्टर बघायला बाहेर पळाले.

परत आले तर धनेश आपणहून बाहेर येऊन उभा होता, तोंड लाल झालेलं.

“सोड म्हन्लीच न्हाईस,” तो म्हणाला. “जीव जायचा राहिला.”

मी हसले, आलेख ‘धन्या’ नावाने सेव्ह केला आणि आम्ही जेवायला गेलो.

३

पुढच्या गुरुवारी शेवटचं माप घ्यायला बसले. धनेश चाकणला हार्डवेअरच्या दुकानात गेला होता. शेडमध्ये मी आणि रिकामा भोंगा. स्वीप झाला, आलेख आला, आणि त्यावर ती सुरकुती होती.

आधी वाटलं जुनीच फाइल उघडली. लॅपटॉप बंद करून चालू केला, पुन्हा मोजलं. सुरकुती होतीच. तारा तपासल्या. ड्रायव्हर बदलला. कोपऱ्यात पडलेला एक जुना छोटा भोंगा मोजून बघितला, तो शहाण्यासारखा वागला. म्हणजे मशीन ठीक होतं. मग फेविकॉल अजून वाळला नसेल, प्लायवूड फुगलं असेल, उंदीर शिरला असेल. टॉर्च घेऊन तोंडातून आत डोकावले. आत स्वच्छ पॉलिश केलेलं लाकूड आणि पार टोकाला ड्रायव्हरची काळी जाळी. उंदराची लेंडीही नव्हती.

शेवटी ‘धन्या’ची फाइल उघडली आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. तेच अंग. तेवढंच रुंद, तेवढंच मऊ, अंगात सुती कपडे असल्यासारखं आवाज पिणारं. फरक एकच होता. ते पूर्वीपेक्षा वीतभर आत होतं.

धनेश आला तेव्हा मी त्याला काही न सांगता तोंडासमोर उभं केलं. ‘धर’ म्हटलं, स्वीप केला. आता एकाच्या जागी दोन सुरकुत्या यायला हव्या होत्या. आलेख रेसभरही हलला नाही.

“अजून आत वाक.”

“वाकलो की.”

“खरंच वाकलास?”

“आता काय घशात जाऊ का?”

त्याला ‘सोड’ म्हटलं, बाजूला केलं आणि त्याच्या जागी सासूबाईंची प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. लगेच खुर्चीची सुरकुती आली. खुर्ची काढली, धनेशला उभं केलं, काही नाही. पुन्हा खुर्ची, पुन्हा धनेश. असं किती वेळा केलं कुणास ठाऊक. तो बिचारा उठबस करत होता आणि हसत होता.

“म्हंजे मी खुर्चीपरीस हलका?”

मी त्याच्यावर उगाचच खेकसले. मला भीती वाटत होती आणि भीती कशाची हे सांगता येत नव्हतं. इंजिनिअर माणसाला याचाच जास्त राग येतो.

४

माझ्या सासूबाई, गवराबाई, यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण कान अजून तिखट आहेत. एका सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली.

“वर्षाली, धनेश शेडात हाय का गं?”

“नाही आई, तुमच्या पुढ्यात तर बसलेत.”

तो त्यांच्या समोरच बसून चहात खारी बुडवत होता. त्याने मान वर करून म्हटलं, “काय झालं, आये?”

“दिसतोय गं मला,” त्या माझ्याकडेच बघत म्हणाल्या. “पर बोलतोय तिकडनं.”

आणि त्यांनी मागच्या दाराकडे, शेडकडे बोट दाखवलं.

आवाज कुठून येतो हे माणसाला कसं कळतं, यावर मी कॉलेजात अख्खं सेमिनार दिलं होतं. एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला जरा उशिरा. भिंतीवरून परतला तर फसगत होते, हेही मला पाठ आहे. त्यामुळे मी आधी भिंतींना दोष दिला, मग पत्र्याला, मग प्रेस शॉपला. मग एके संध्याकाळी धनेशला अंगणात नेलं, डोळे मिटून मधे उभी राहिले आणि त्याला म्हटलं, माझ्याभोवती गोल फिर आणि बोलत राहा.

“काय बोलू?”

“काहीही. भाज्यांची नावं घे.”

तो फिरत भाज्या मोजू लागला. मेथी, पालक, शेपू, चवळई. चपलांचा आवाज माझ्याभोवती फिरत होता. भाज्या मात्र एकाच जागेवरून येत होत्या, शेडच्या बंद दारामागून, आणि त्यांना तो पोकळ, लाकडी वास होता. आवाजाला वास नसतो हे मला कळतं, पण दुसरा शब्द सुचत नाही.

चाकणच्या चौकात भाजीच्या गाडीपाशी तो माझ्या पुढे उभा होता आणि “कोथिंबीर घ्यायची का?” हे मला पाठीमागून ऐकू आलं. मी वळून बघितलं. मागे आमच्या घराकडे जाणारा रस्ता होता. भाजीवाल्या छबूबाईही त्याच्या तोंडाकडे न बघता त्या रस्त्याकडेच बघत होत्या, आणि जुडी हातात तशीच धरून गोंधळल्या होत्या.

५

मग त्याचे खांदे दुखायला लागले.

“दुखत न्हाईत,” तो म्हणायचा, “आवळल्यात.” शर्ट घालताना हात वर जाईना. झोपेत तो अंग चोरून, दोन्ही हात छातीशी घट्ट धरून पडायचा. एवढी मोठी कॉट, पण गर्दीत उभं राहिल्यासारखा. डॉक्टरांनी मलम दिलं आणि कामाचा ताण कमी करायला सांगितलं. धनेश त्यांनाही म्हणाला, मी लोड घेतच न्हाई, डॉक्टर. ते त्याच्याकडे बघायचं सोडून दाराकडे बघायला लागले होते.

गुरुवार आला. मी मोजलं. ते अंग आता भोंग्यात चांगलंच आत होतं. मॉडेलमध्ये त्याची जागा भरली तर सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत तक्रार केली: त्या ठिकाणी भोंग्याची रुंदी अमुक आणि आतली वस्तू त्याहून मोठी, असं होऊ शकत नाही. मलाही मान्य होतं की असं होऊ शकत नाही. पण आकडे तसे होते, आणि तेवढ्यातच घरातून धनेश खांदे आत ओढून, एका अंगाने चालत आला. शेडचं दार सताड उघडं होतं. तरी तो आडवा होऊन आत शिरला.

तेव्हा मला काय ते कळलं. सगळं नाही, पण जेवढं कळायला हवं तेवढं. जे भोंग्यात होतं ते तोंडाकडून घशाकडे येत होतं, आणि जसजशी जागा अरुंद होत होती तसतसा माझा नवरा इकडे आवळत होता. आणि घसा मनगटाएवढा होता.

मी त्याला ते सांगितलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही.

“मला म्हाईत हाय,” तो म्हणाला. “तिकडं अंधार हाय, वर्षे.”

“कुठे?”

“काय कुठं?” त्याने साधेपणाने विचारलं. आपण आत्ता काय बोललो हे त्याला आठवत नव्हतं. मी त्याचे खांदे चोळत बसले आणि मला रडू आलं. त्याला वाटलं, माझं कशावरून तरी बिनसलंय.

६

मला ‘सोड’ आठवलं. म्हणजे मी वेडीच झाले होते म्हणायची, पण दुसरं काही हाताशी नव्हतं. त्या दिवशी लाइट गेली, मी बाहेर पळाले, आणि ‘धर’ म्हटलेल्या माणसाला ‘सोड’ म्हणायचं राहिलं. बाहेर आला तो सांगितल्याशिवाय आला. मग सांगितल्याशिवाय जो हलला नाही, तो अजून आतच असणार. याला तर्क म्हणत नाहीत, पण त्याला सुरुवात आणि शेवट तरी होता.

पुढच्या गुरुवारी भोंगा समोर, ड्रायव्हर जोडलेला, लॅपटॉप चालू. मी माइकमध्ये स्पष्ट म्हटलं, “धनेश, सोड.” ड्रायव्हरमधून माझा आवाज भोंग्यात गेला आणि शेडभर घुमला. लगेच स्वीप केला.

ते हललं होतं. पण उलटीकडे. एका उडीत ते जवळजवळ घशापाशी येऊन ठेपलं होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. ड्रायव्हर घशात बसलेला. म्हणजे मी हाक मारली ती घशातून. सुटलेला माणूस आवाजाच्या दिशेने जाणार, तसा तो माझ्याकडे आला. माझ्यासारख्या बाईने, जिचं पोटच यावर चालतं, हाक कोणत्या टोकाकडून मारतेय ते बघितलं नव्हतं.

धावत तोंडाकडे गेले. आत डोकं घालून ओरडले, “धनेश, इकडे! मागे फीर!” परत येऊन मोजलं, काही फरक नाही. पुन्हा ओरडले, पुन्हा मोजलं. मग लक्षात आलं की तिथे त्याला वळायला जागाच नव्हती.

घरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सासूबाई ओरडल्या. मी पळत गेले तर धनेश स्वयंपाकघरात ओट्याखाली शिरून बसला होता, गुडघे हनुवटीला, हात छातीवर फुली करून बांधलेले. त्याच्या आजूबाजूला डबे पडले होते. चेहरा काळानिळा पडला होता.

“जागा न्हाई,” त्याचे ओठ हलले. शब्द शेडमधून आले.

“डॉक्टरला बोलाव गं,” सासूबाई म्हणाल्या. “का त्याला तिकडनं आणू आधी?” आणि ‘तिकडनं’ म्हणजे कुठून, हे त्यांनाही सांगता येईना, त्या नुसत्याच हात चोळत राहिल्या.

त्याला ओढून बाहेर काढलं, अंगणात आणलं, पाणी पाजलं. मोकळ्यावर त्याला जरा बरं वाटलं. खिशातला माझा फोन वाजत होता. अर्जुनराव.

“ताई, भोंगा तयार ना? उद्या सकाळी टेम्पो पाठवतो.”

मी काय उत्तर दिलं मला आठवत नाही. ते “बरं बरं” म्हणाले, म्हणजे मी हो म्हटलं असणार.

७

एक गोष्ट उघड होती. मागे फिरायला जागा नाही, तर पुढची वाट मोकळी करायची. म्हणजे ड्रायव्हर काढायचा. घसा मनगटाएवढा होता आणि त्यातून काय बाहेर येऊ शकतं, याचा विचार मी मुद्दाम केला नाही. आतला श्वास तरी कोंडायचा थांबेल, एवढंच मनात होतं. बाहेर लख्ख ऊन होतं. प्रेस शॉप बंद. इतकं शांत की पत्रा तापून टकटक करत होता तेवढाच आवाज.

धनेश माझ्या मागोमाग शेडमध्ये आला आणि भोंग्याच्या तोंडापाशी भिंतीला टेकून उभा राहिला.

“मी इथनं बघतो,” असं तो म्हणाला असावा. ओठ त्याचे हलले. शब्द ड्रायव्हरच्या मागून, माझ्या हाताखालून आल्यासारखे वाटले.

पान्याने बोल्ट सोडवले. ड्रायव्हर जड असतो; तो दोन्ही हातांनी ओढून काढला आणि टेबलावर ठेवला. भोक उघडं झालं. त्यातून उबदार हवा आली. थोडी थांबली. पुन्हा आली.

मी खाली वाकून डोळा लावला. आत पाहिलं की भोंग्यातून आरपार पलीकडचा उजेड दिसायला हवा, धनेश उभा होता तिथला. उजेड नव्हता. मला वाटलं, धनेश तोंडासमोर आला असेल.

“धन्या, बाजूला हो, उजेड अडतोय.”

“मी बाजूलाच हाय की,” हे भोकातून आलं. मी दचकून मान उचलली. तो खरंच बाजूला होता, भिंतीला टेकून, माझ्याकडे बघत. मग मी पुन्हा डोळा लावला, आणि डोळ्याला तेवढ्यात सवय झाली.

केस होते. जवळ, बोटभर अंतरावर. काळे केस, त्यात भुसा. केसांचा भोवरा माझ्या बरोबर समोर होता, आणि त्याच्या शेजारी दुसरा. धनेशच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. लग्नात बायका त्यावरून हसल्या होत्या, म्हणाल्या होत्या, दोन भोवऱ्यांचा आहे, सांभाळ गं, हा दोन संसार करणार. मी बोट आत घातलं. केस घामाने ओले होते, आणि त्याखालचं कातडं गरम होतं. बोट लागताच डोकं मांजरासारखं वर, बोटाकडे रेटलं गेलं.

मी भोकाशी तोंड नेऊन “धनेश” म्हटलं, अगदी हळू. भीती वाटली नाही असं नाही, पण त्याहून जास्त माया वाटली. तो तिथे इतका अडकला होता.

भिंतीपाशी उभा असलेला धनेश तोवर माझ्या बाजूला आला होता. त्याने टेबलावरचा ड्रायव्हर दोन्ही हातांत उचलला. खांदे आवळलेले, हात धड वर जात नव्हते, तरी त्याने तो उचलला. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत काकुळती होती, ती मी नाकारणार नाही. त्याचे ओठ हलले.

“सरक की, वर्षे,” शब्द आले, माझ्या बोटाखालून.

आवाज एकच होता. तोंडं दोन होती. एकाला ड्रायव्हर बसवायला मी सरकायला हवं होतं. दुसऱ्याला बाहेर यायला मी सरकायला हवं होतं. हे कोण म्हणालं? मी एकदा भोकाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. आवाज कुठून येतो यावर सेमिनार दिलेली बाई, आणि मला सांगता येईना.

मी बोट काढून घेतलं आणि सरकले.

८

त्याने ड्रायव्हर घशावर बसवला आणि बोल्ट आवळले. दोन बोल्ट होईतो आतून काहीतरी लाकडाला घासत होतं. नंतर थांबलं. शेवटचा बोल्ट आवळून झाला तसा तो सरळ उभा राहिला, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि हाडं मोडली, खांद्यांची, कडाकडा.

“मोकळं झालं बग,” तो म्हणाला. “च्या टाकतीस का जरा?”

आवाज त्याच्या तोंडातून आला होता. तो उभा होता तिथून, त्याच्या छातीतून, त्याच्या ओठांमधून. इतक्या दिवसांनी. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची मला लाज वाटली.

घरात त्याने “आये” म्हणून हाक मारली तर सासूबाई भांडी टाकून उठल्या. त्याच्याकडे वळल्या, बरोबर त्याच्याकडे, आणि त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून रडल्या. “आलं गं माझं लेकरू,” त्या मला म्हणाल्या. मी हो म्हटलं.

रात्री तो हात-पाय पसरून झोपला. मी जागीच होते, पण शेडकडे गेले नाही. लॅपटॉप शेडमध्ये टेबलावर होता, तारा जोडलेल्या होत्या, एक बटण दाबलं असतं तर कळलं असतं.

सकाळी टेम्पो आला. धनेश शीळ घालत दार उघडायला गेला. शिळेचा आवाजही त्याच्याबरोबर गेला आणि त्याच्याबरोबर परत आला.

“शेवटचं रीडिंग घेतलंस न्हवं?” त्याने विचारलं. “अर्जुनराव इचारतील.”

आयुष्यात मी मोजल्याशिवाय एकही भोंगा शेडबाहेर जाऊ दिलेला नाही.

“घेतलं,” मी म्हटलं. “मॉडेलशी जुळतंय.”

“मग उचल.”

त्याने तोंडाची बाजू धरली. घशाची मी धरली. आणि दोघांनी मिळून तो टेम्पोत चढवला.